दोनदा दाबला की लागतो

शुक्रवार, २ जानेवारी २०२६. संध्याकाळी ६.

गाडी दारात आली. पिकअप, मॉडेल २००८, रंग मूळचा पांढरा. सहादूने अठरा वर्षं चालवली, घाटात एकदाही उलटली नाही. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय असतं? आता पुरे झालं ड्रायव्हिंग, असं त्याच्या बायकोने, गीताबाईने ठणकावलं, म्हणून विकली. किल्ली देताना म्हणाला, सायेब, बाकी समदं ओक्के हाय, फकस्त ब्रेक दोनदा दाबला की लागतोय, तेवढा आमच्या महेंद्राला दाखवून घ्या. महेंद्र त्याचा मुलगा. फाट्यावर गॅरेज आहे.

मी नुसता हसलो. ब्रेकबद्दल मला सांगतोय! एसटी डेपोच्या ऑफिसात एकतीस वर्षं ड्रायव्हर लोकांच्या तक्रारी रजिस्टरला मीच चढवल्या. त्यातल्या निम्म्या ब्रेकच्या, सगळ्या सुवाच्य अक्षरात. आयुष्यात ब्रेकवर इतकं लिहिलेला माणूस अकोले तालुक्यात दुसरा नसेल.

संकल्प: ब्रेक मी स्वतः दुरुस्त करणार. मुदत १५ जानेवारी.

घाईचं कारण बायको, इंदू. यंदा ती बचत गटाची अध्यक्ष झाली आहे. ३१ तारखेला नगरला तांदूळ महोत्सव, तिथे गटाचा पहिलाच स्टॉल. बारा बायकांचा चौदा क्विंटल तांदूळ, काळभात आणि जिरवेल, घाट उतरून न्यायचा आहे. दुपारी मीटिंगमध्ये उभा राहून मी जाहीर केलं की गटाचा माल आपल्या गाडीतून जाईल आणि स्टिअरिंगवर मी असेन. लायसन्स १९९४ सालचं आहे, वापर कमी झाल्यामुळे अगदी नव्यासारखं. मालनबाई म्हणाली, सायेब, गाडी जाती ते दिसलंच, पर थांबती का? सगळ्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

इंदूला अभिमान वाटला असणार. चेहऱ्यावर दिसला नाही, पण ती कधीच दाखवत नाही.

रविवार, ४ जानेवारी.

कामाला सुरुवात. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले: दिनांक, दोष, कारण, केलेली कार्यवाही, शेरा, सही. लाल शाईने शीर्षकं. सकाळ त्यातच गेली, पण पाया पक्का पाहिजे.

दुपारी बाह्य तपासणी. ब्रेकचं पेडल जागेवर आहे. चारही चाकं आहेत. हँडब्रेकची लिव्हर अतिशय सुलभपणे वर येते, एका बोटानेसुद्धा. एवढा मऊ हँडब्रेक मी आजवर पाहिला नाही.

गाडी मात्र लिव्हर वर असतानाही हळूहळू अंगणाच्या कडेला गेली आणि जास्वंदीला टेकली. अंगणाला उतार आहे. दोष अंगणाचा, तसा शेरा लिहिला.

मंगळवार, ६ जानेवारी.

सहादूचं मन राखायला महेंद्राकडे गेलो. दुरुस्तीला नव्हे, सेकंड ओपिनियन म्हणून. त्याने पेडल दोनदा दाबलं, मागच्या डाव्या चाकाखाली डोकं घातलं, दोन मिनिटांत बाहेर. वही नाही, पेन नाही. म्हणाला, काका, हवा धरलीय. मागच्या चाकाचं वायसर गेलंय, तिथनं ऑइल गळतंय आन् हवा आत शिरतीय. गाडी ठिवून जा, सांजच्याला देतो.

यातला मुख्य मुद्दा मी टिपून घेतला: हवा आहे. ऐकून फार बरं वाटलं. डेपोत सगळ्यात जास्त येणारी तक्रार कोणती? हवा उतरते. हवा बनत नाही. हवेशिवाय बस फाटकाबाहेर पडत नसे, कारण बसचा ब्रेक हवेवरच लागतो. रजिस्टरच्या शेऱ्यात मी हजारो वेळा लिहिलंय: हवा तपासली, ठीक. आणि इथे अठरा वर्षांच्या म्हाताऱ्या गाडीत हवा आपणहून शिरते आहे! वायसर, ऑइल वगैरे बारीकसारीक गोष्टी आहेत, त्या सवडीने बघता येतील.

महेंद्राला म्हटलं, विचार करून कळवतो. तो हात पुसत बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. माझ्या अनुभवाचं दडपण येतं लोकांना.

घरी इंदूने विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, हवा आहे म्हणाला. तिने विचारलं, ते चांगलं असतं का? मी वीस मिनिटं समजावून सांगितलं. मध्येच ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, पण मुद्दा पोहोचला होता.

शुक्रवार, ९ जानेवारी.

दोनदा दाबून लागत नाही. तीनदा दाबावा लागतो. डेअरीसमोर थांबायचं होतं, ग्रामपंचायतीसमोर थांबलो. तसंही तिथे काम होतंच, घरपट्टीची चौकशी केली.

कारण रकान्यात लिहिलं: हवा अपुरी.

रविवार, ११ जानेवारी. सकाळी १०.

हवा भरून आणायला वैजनाथच्या पंक्चरच्या दुकानात चाललो आहे. इतकी साधी गोष्ट. महेंद्रासारखे लोक यासाठी दिवसभर गाडी ठेवून घेतात.

त्याच दिवशी, दुपारी २.

वैजनाथने तीनदा विचारलं, कंच्या चाकात? तीनदा सांगितलं, चाकात नाही, ब्रेकमध्ये. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली दाखवली. तो म्हणाला, सायेब, ह्याच्यात आजवर कुनी हवा भराय सांगितली न्हाई. म्हटलं, म्हणूनच तालुक्यातल्या गाड्यांचे हे हाल आहेत. झाकण काढून त्याने नळी आत धरली आणि सोडली.

ऑइल बाटलीत राहिलं नाही. वैजनाथचा चेहरा, माझा शर्ट, बॉनेट आणि समोर चहा पीत बसलेला अजिनाथ. नशीब, कोणाच्या डोळ्यांत गेलं नाही. वैजनाथ तोंड धूत असताना काही बोलला, ते इथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

हवा नक्की किती गेली हे कळायला मार्ग नाही, मीटर नव्हता. अंदाजे पुष्कळ.

सोमवार, १२ जानेवारी.

बॉनेटवर जिथे जिथे ऑइल उडालं, तिथे तिथे रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. जुना रंग सैल होता, कधी ना कधी निघणारच होता. राजूरहून नवं ब्रेक ऑइल आणून बाटली गळ्यापर्यंत भरली. शर्टाचं इंदूने पायपुसणं केलं.

पेडल आता थेट तळाला जातं. इतकं खोल पेडल म्हणजे पायाला काम करायला जागा भरपूर. चार वेळा दाबल्यावर लागतो.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

बायका वाणाला आल्या होत्या. प्रत्येकीने तिळगूळ देताना ब्रेकचं विचारलं. मुक्ताबाईने तर गोड बोला म्हणायच्या ऐवजी ब्रेक झाला का म्हटलं. मी सर्वांना सांगितलं, उद्या मुदत संपते आहे, त्याआधी काम संपेल.

दुपारी एक फार मोठी गोष्ट सुचली. इतके दिवस आपण ब्रेकला बदलायला बघतो आहोत. त्यापेक्षा थांबण्याची पद्धत बदलली तर? डेपोचं टाईमटेबल लावायला सहा महिने लागायचे. मी माझं तासाभरात लावलं.

घरी थांबायचं असल्यास: पाण्याच्या टाकीपाशी पहिला दाब, शाळेच्या कुंपणाला दुसरा, अजिनाथच्या गोठ्याला तिसरा, आमच्या फाटकाशी चौथा. डेअरीसाठी: मारुतीपासून सुरुवात. फाट्यासाठी: स्मशानभूमीपासून. कार्ड करून डॅशबोर्डवर चिकटवलं. वर ठळक अक्षरात लिहिलं: थांबण्याचे वेळापत्रक.

इंदूने कार्ड वाचलं. विचारलं, आणि मध्येच पोर आडवं आलं तर? म्हटलं, वेळापत्रकात आकस्मिक बाबींचा रकाना नंतर घालता येईल. तिने कार्ड पुन्हा एकदा वाचलं.

गुरुवार, १५ जानेवारी.

मुदतवाढ. २५ जानेवारी. कारण: सण मध्ये आला.

रविवार, १८ जानेवारी.

आज प्रत्यक्ष चाक उघडलं. मागचं डावं. चाकाआडचा ब्रेकचा ड्रम निघेना, हातोडा मारला, आधी अंगठ्यावर आणि मग ड्रमवर. दीड तासाने निघाला. आत सगळं ओलं, तेलकट, काळंभोर. म्हणजे वंगण व्यवस्थित चालू आहे. महेंद्र याला गळती म्हणत होता.

मग उजवं चाक उघडलं. ते कोरडं ठणठणीत! हेच ते चाक, जे ब्रेक लावताना किंचाळतं. एका बाजूला तेल आणि दुसरी बाजू उपाशी, मग ब्रेक समान कसा लागणार? असा भेदभाव मी ऑफिसातही खपवून घेतला नाही. इंदूच्या शिवणयंत्राच्या कुपीतलं तेल उजव्या लायनरना, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांना, नीट बोटाने लावलं. कुपी रिकामी झाली.

फेरी मारून आलो. किंचाळणं पूर्ण बंद! कुठूनही काही आवाज नाही. थांबायला थोडा वेळ जास्त लागला, पण शांतपणे.

शेरा: समतोल साधला. सही.

बुधवार, २१ जानेवारी.

इंदू गीताबाईकडून काहीबाही ऐकून आली आहे. म्हणते, ब्रेकमधली हवा भरायची नसते, काढायची असते. महेंद्रा म्हनतो, काकांना सांगा हवा काढल्याबिगर घाटात जाऊ नका, असा निरोप आहे. मी शांतपणे विचारलं, गीताबाईंनी डेपोत किती वर्षं काढली? इंदू म्हणाली, एकही नाही, पण त्या अठरा वर्षं या गाडीत बसल्या आहेत.

हा काही मुद्दा नव्हे. मीही एकतीस वर्षं बसलो होतो, ऑफिसात.

नंतर ती म्हणाली, माल चढवायच्या आधी मला एकदा गाडी थांबवून दाखवा. मी टाकीपाशी उभी राहते, तुम्ही वरून या आणि माझ्यासमोर थांबा. थांबलात तर गटाचा तांदूळ तुमचा. नाही थांबलात तर दुसरी गाडी बघते. वर्षभराचं पीक आहे बारा घरांचं, आणि सोबत मालनबाई नि मी बसणार आहोत. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

वाईट वाटलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि बायको परीक्षा घेते आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी.

परीक्षा आज घेऊ म्हणाली. मी म्हटलं, आज वारा आहे.

रविवार, २५ जानेवारी.

आज डिझेल कमी आहे म्हटलं. डिझेल आहे. हे फक्त इथे लिहितो.

सोमवार, २६ जानेवारी.

झेंडावंदनाला शाळेत पायी गेलो. सकाळचं चालणं प्रकृतीला चांगलं. मुलांनी विचारलं, गाडी कुठंय? म्हटलं, विश्रांतीवर आहे. वाटेत सहादू भेटला. म्हणाला, सायेब, राग मानू नका, म्या फडकं हातात घेऊन अठरा वर्सं ती गाडी पुसलीय, मला तिचं समदं कळतं. ती आता थांबत न्हाई. मी म्हटलं, गाडी आता माझ्या पद्धतीने थांबते, तुला सवय नाही.

परवा चाचणी. नक्की. इंदूला तसं स्वतःहून सांगितलं.

बुधवार, २८ जानेवारी. सकाळी ११.१०.

चाचणी पार पडली. वाहन उताराच्या शेवटी थांबवण्यात आले. जीवितहानी नाही.

त्याच दिवशी, दुपारी १.

सकाळच्या नोंदीबाबत खुलासा. वाहन टाकीपाशी नियोजित होते, ते सुमारे चाळीस पावले पुढे थांबले. कारणे: गाडीत वजन म्हणून सहा पोती होती. सकाळच्या दवाने रस्ता ओलसर होता. इंजिनाला विश्रांती म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये होती, ही डेपोतल्या एका चांगल्या ड्रायव्हरची पद्धत. त्यांचे नाव आठवत नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४.

जेवलो नाही. इंदू भांडी घासते आहे, घासलेलीच परत घासते आहे.

गुरुवार, २९ जानेवारी.

महेंद्र सकाळी सातला आला. मी बोलावलं नव्हतं. पेटी उघडली, जॅक लावला, दोन्ही ड्रम माझ्या दीड तासाच्या ऐवजी दहा मिनिटांत काढले. डाव्या चाकातलं फाटकं वायसर हातावर ठेवून दाखवलं. उजव्या चाकाशी मात्र थांबला. लायनरवर बोट फिरवलं, वास घेतला, म्हणाला, काका, हे मशीनचं त्याल कुनी लावलं? लायनरला त्याल म्हंजी पायाखाली साबन. मी म्हटलं, जुन्या नोंदी बघून सांगावं लागेल. इंदू तिथेच उभी होती. तिने रिकामी कुपी आणून पेटीवर ठेवली.

नवीन वायसर, नवीन लायनर, ड्रम पेट्रोलने धुतले. मग म्हणाला, आता हवा काढायची. याला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, एक आत पेडलवर. चाकाशी बसलेला म्हणेल तसंच पेडलवाल्याने करायचं. दाबा म्हटलं की दाबायचं, धरा म्हटलं की धरून ठेवायचं, सोडा म्हणेस्तवर सोडायचं नाही. मधीच सोडलं तर हवा परत आत.

मी आत बसलो. दाबा म्हणाला, दाबलं. धरा म्हणाला, धरलं. मग मी त्याला विचारलं की बसमध्ये हवा आवश्यक आणि इथे नको, हे शास्त्रात कसं बसतं. विचारताना पाय सुटला. पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी त्याने उत्तर दिलं, म्हणाला, काका, बसचा ब्रेक हवेनं लागतो, ह्याचा ऑइलनं, हवा दबती आन् ऑइल दबत न्हाई, येवढंच हाय. ते इतकं सोपं होतं की मी मान हलवली, आणि मानेबरोबर पाय. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी इंदू म्हणाली, उतरा.

ती बसली. माझ्या हातात महेंद्राने बाटली दिली. चाकाच्या निप्पलला लावलेली प्लॅस्टिकची नळी त्या बाटलीत सोडायची आणि बघत राहायचं, एवढंच काम. दाबा. धरा. सोडा. इंदूचा पाय एकदाही चुकला नाही. आणि नळीतून बुडबुडे यायला लागले. आधी मोठे, मग लहान, मग मोहरीएवढे. चारही चाकांना मिळून किती आले असतील! मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. ही सगळी माझी हवा होती. थोडी आधीची असेल, पण बरीचशी माझी.

बुडबुडे थांबले तेव्हा महेंद्राने मला पेडल दाबून बघायला सांगितलं. दाबलं. अर्ध्यात जाऊन भिंतीला पाय लागावा तसं थांबलं. एकदाच. चाळीस मिनिटांचं काम होतं. महेंद्र काही टोचून बोलला नाही, चहा घेऊन गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

कालचं आता नीट लिहितो. वही माझीच आहे, कोणी वाचणार नाही.

मी वरून येत होतो. इंदू टाकीपाशी हात वर करून उभी. पहिला दाब, दुसरा, तिसरा, चौथा. पेडल खाली जात होतं आणि गाडी मात्र जातच होती. इंदू बाजूला झाली. तिच्या पलीकडे, चाळीस पावलांवर, मालनबाईच्या दारापुढे रस्त्यावर ताडपत्री टाकून पाच जणी स्टॉलचा तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना वाटलं मी गाडी दाखवायला येतो आहे. मुक्ताबाईने हात हलवला. मी हॉर्न दाबायचा तर पाचव्यांदा पेडल दाबत होतो. हँडब्रेक ओढला, तो हातात मऊसूत वर आला. गिअर आठवलाच नाही.

इंदू गाडीबरोबर पळाली. मी आरशात बघितलं. एकसष्ट वर्षांची बाई, पदर खोचून, टाकीच्या पायरीचा सुटा दगड दोन्ही हातांनी उचलून पळत होती. पहिला दगड चाकाखाली टाकला, चाक त्यावरून गेलं. पण त्या धक्क्याने वेग मोडला. बायका ओरडत उठल्या. मालनबाईला गुडघ्यांमुळे उठता येईना, ती बसल्या जागी तोंडावर हात घेऊन राहिली. इंदूने रस्त्याकडेचा दुसरा दगड उचलून टाकला. गाडी थांबली. मालनबाई आणि बंपर यांच्यात अडीच हात होते. ताडपत्री चाकाखाली होती, तांदूळ रस्ताभर.

मी केबिनमध्ये तसाच बसून होतो. पाय अजून पेडलवर होता. आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती, आणि इतकी लाजही. सगळ्या बायका मालनबाईभोवती गोळा झाल्या. माझ्याकडे कोणी आलं नाही. मी गेलो असतो तर काय बोललो असतो?

सकाळी ११.१० ची नोंद खोडली. तिथे लिहिलं: गाडी इंदूने थांबवली.

शुक्रवार, ३० जानेवारी.

गटाची मीटिंग. मी दाराबाहेर बसलो होतो. आधी मालनबाईकडे गेलो होतो, हात जोडले. म्हणाली, जाऊ द्या सायेब, माझ्या गुडघ्यांचा बी ब्रेक लागल्याला हुता. ती हसली, मला हसता आलं नाही. सांडलेला तांदूळ पाच जणींनी दाणान्‌दाणा परत निवडला. त्यात दोन तास मीही बसलो. माझ्या वाट्याचा तांदूळ नंतर मुक्ताबाईने पुन्हा निवडला.

मीटिंगमधला ठराव इंदूने बाहेर येऊन सांगितला. गाडी तीच जाईल, महेंद्राने घाटात नेऊन तपासली आहे. चालवायला सहादू, गीताबाईने एका दिवसाची परवानगी दिली आहे. केबिनमध्ये सहादू, मालनबाई आणि अध्यक्ष म्हणून इंदू. बाकीच्या बायका एसटीने.

मी विचारलं, आणि मी?

घाटात जिथे जिथे गाडी उभी राहील तिथे चाकाला दगड लावायला मागे एक माणूस लागतो, असं सहादूचं म्हणणं पडलं होतं. ब्रेक चांगला असला तरी ही त्याची अठरा वर्षांची पद्धत. इंदू म्हणाली, तुम्हाला यायचं असेल तर पोत्यांवर जागा आहे.

विचार करून सांगतो म्हटलं. लगेच सांगितलं, येतो.

रविवार, १ फेब्रुवारी. दुपारी ३.

काल महोत्सव झाला. आज सकाळी परतलो. गेलो तेव्हा चौदा क्विंटल होता, येताना चार पोती. काळभात तर दुपारीच संपला. इंदू माईकवरसुद्धा बोलली, एकदाही न अडखळता. बघून माझा ऊर भरून आला. तिला सांगायचं राहिलं.

येता-जाता सहा वेळा दगड लावला. लावण्यात एक शास्त्र आहे. चाकाला नुसता टेकवायचा नाही, पायाने ठोकून पाचर बसवायची. सहादू दुसऱ्या वेळी म्हणाला, जमतंय सायेब. यावर सविस्तर टिपण करण्याचा विचार आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. स्टॉलवर एका पुण्याच्या बाईंनी माझ्याकडे बघून इंदूला विचारलं, हे कोण? इंदू म्हणाली, हे आमच्या गाडीचे, आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, वाक्य राहिलं. मालक म्हणणार होती, उघड आहे. गाडी माझ्या नावावर आहे. दुसरं काय म्हणणार?

आज येताना घाट चढत होतो. मी मागे पोत्यांवर, ती पुढे. राहवेना, म्हटलं गाडीचे कोण, हे आत्ताच विचारून टाकू. केबिनच्या काचेवर दोनदा ठोकलं. पुढे काही ऐकू गेलं नाही. इंदूला वाटलं मला थांबायचं आहे, तिने सहादूला सांगितलं. सहादूने ब्रेक दाबला. एकदाच. गाडी तिथल्या तिथे उभी राहिली.

मग मी उतरलो आणि चाकाला दगड लावला.